वरचे पन्नास बार

गावात त्याला सगळे ‘वाढीव’ म्हणायचे. तोंडावर ‘वाढीवकाका’, पाठीमागे नुसतंच ‘वाढीव’. त्याला दोन्ही ठाऊक होती आणि दोन्हींचं कौतुक होतं. माणसाला टोपणनाव चिकटतं ते बहुतेक वेळा नाकावरून, चालीवरून, नाहीतर शाळेत झालेल्या एखाद्या फजितीवरून. याला चिकटलं ते सैल हातावरून. आता अशा नावावर कोण कशाला रागावेल?

त्याचं काम हवा भरण्याचं. गावाबाहेर चुनखडीची जुनी खाण होती. उपसा थांबला तसं तिच्यात पाणी चढलं आणि खालचे बोगदे सगळे बुडाले. ज्या बोगद्यांत उतरायला पूर्वी मजूर नाकं मुरडायचे, तिथे आता शिकलीसवरलेली माणसं हौसेनं जाऊ लागली. पाठीवर हवेच्या टाक्या, कपाळावर दिवा, हातात परतीच्या वाटेची दोरी. वाढीव स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही. आंघोळ बादलीतली, आणि तीही थंडीच्या दिवसांत हात आखडून. “जमिनीवर फुकट मिळते ती हवा टाकीत कोंडायची, आणि जिथे मिळत नाही तिथे नेऊन खायची,” असं तो या लोकांबद्दल म्हणायचा. पण ती हवा भरून द्यायला त्याला आवडायचं.

खाणीच्या रस्त्यावर एका मालकीणबाईंचं दुकान होतं. पुढे मुखवटे, पोहण्याचे पोशाख, दिवे. मागे भरण्याची खोली. वाढीव आधी गाड्यांच्या टायरच्या दुकानात होता. हवेचा नि त्याचा तेवढाच काय तो संबंध. मालकीणबाईंनी त्याला तिथून उचलला, महिनाभर शिकवला आणि खोली त्याच्या हवाली केली. खोली फार तर दहा बाय बाराची. भिंती सिमेंटच्या, छप्पर पत्र्याचं. एका बाजूला टाक्या उभ्या करायला पाण्याचा लांबट हौद, कारण हवा दाबून भरली की टाकी तापते. वर भिंतीवर ताटाएवढं दाबमापक, खाली पितळी तोंडाच्या चार नळ्या. कॉम्प्रेसर पलीकडच्या शेडमध्ये. दारावर मालकीणबाईंनी लाल रंगात लिहून ठेवलं होतं: ‘भरताना आत एकच जण.’ नवीन गिऱ्हाईक विचारायचं, असं का? वाढीव शांतपणे सांगायचा, “फुटली तर एकच जाईल म्हणून.” गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं. त्याला ते बघायला मजा वाटायची.

आता ‘फुटणं’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. चारचाकीच्या टायरात हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन बार. खाणीत उतरणाऱ्यांच्या जुन्या पोलादी टाक्यांवर शिक्का असायचा एकशे ऐंशीचा. म्हणजे टायरच्या ऐंशी पट दाब, तोही कमरेइतक्या उंचीच्या टाकीत. तो शिक्का टाकीच्या खांद्यावर ठोकलेला असतो. कारखान्याने सांगितलेला आकडा, याच्या वर जाऊ नका. दर पाच वर्षांनी टाकी तपासणीला जाते. तिथे तिच्यात पाणी भरून शिक्क्याच्या दीडपटीहून जास्त ताण देतात, ती किती फुगते आणि पुन्हा जागेवर येते का ते बघतात. आली तर नवी तारीख ठोकतात, नाही आली तर तिच्या गळ्याला भोक पाडून भंगारात देतात.

वाढीव एकशे ऐंशीवर थांबायचा नाही. तो दोनशे तीसपर्यंत जायचा.

याची सुरुवात एका दाताच्या डॉक्टरपासून झाली. तेव्हा हा डॉक्टर नुकता शिकून आलेला, अंगात मस्ती भरपूर. बोगद्यात जाणारे हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. त्या दिवशी डॉक्टरच्या पायाने तळाचा गाळ उठला, दिवा असून नसल्यासारखा झाला आणि दोरी हातची सुटली. अर्धा तास तो चाचपडत होता. वर आला तेव्हा टाकीत बारा बार उरले होते. त्या सकाळी टाक्यांची गर्दी होती आणि वाढीवचं लक्ष उडून टाकी दोनशे पंचवीसला गेली होती. चूक होती, दुसरं काही नाही. पण डॉक्टर ओल्या अंगाने दुकानात आला आणि त्याने वाढीवला घट्ट मिठी मारली. “काका, तुमच्या त्या वरच्या हवेवर मी जगलो,” म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

वाढीवला आजवर कोणी मिठी मारून रडलं नव्हतं. टायरच्या दुकानात तर हवा भरून दिल्यावर लोक काच खाली करून ‘झालं?’ एवढंच विचारायचे. त्या दिवसापासून ती चूक हाच नेम झाला. बोगद्यात जाणाऱ्या प्रत्येकाला वरचे पन्नास बार, न मागता. लोक लांबलांबून त्याच्याकडे टाक्या आणू लागले. मालकीणबाईंनी दोनदा हटकलं, मग गिऱ्हाईक वाढलेलं बघून तिकडे बघणं सोडलं. कोणी नवखा घाबरत विचारायचा, “काका, शिक्का तर एकशे ऐंशीचा आहे.” वाढीव टाकीवर थाप मारायचा. “पोलाद आहे. काही होत नाही. मी सांगतो ना!”

आणि खरंच काही होत नव्हतं. हेच तर अवघड असतं. रोज काही झालं नाही की माणसाला ते आपलंच कर्तृत्व वाटायला लागतं.

एक गोष्ट मात्र व्हायची. प्रत्येक टाकीच्या व्हॉल्वला बाजूला एक लहान बूच असतं, आणि त्या बुचाच्या मागे नखाएवढी तांब्याची चकती. दाब हाताबाहेर गेला तर टाकीच्या आधी ती फुटते, हवा शिट्टी मारत निघून जाते आणि टाकी वाचते. टाकीशेजारचा माणूसही वाचतो. रोज शिक्क्याच्या वर ताणलेल्या चकत्या सहा-आठ महिन्यांत दमायच्या आणि भर गर्दीत फुटायच्या. कानठळ्या बसायच्या, गिऱ्हाईक दचकायचं, आणि वाढीवचं ‘काही होत नाही’ हवेत विरून जायचं. मग त्याने एक युक्ती केली. एका चकतीवर दुसरी चकती बसवली. दोन मिळून अशा घट्ट झाल्या की फुटायचं नावच काढीनात. एकेक करत गावातल्या चाळीसेक टाक्यांना त्याने दुहेरी चकत्या लावल्या. हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

ठाऊक होतं ते एकट्या तपासनीसाला. तपासणीची पाण्याची टाकी ज्याच्या ताब्यात होती, तो हा वाढीवचा जुना मित्र. तपासणीआधी व्हॉल्व काढताना त्याला जोडचकत्या सापडायच्या. तो एकेरी लावून टाकी परत पाठवायचा, वाढीव पुन्हा दुसरी चढवायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, जसं काही दोघं टपालाने बुद्धिबळ खेळत होते.

“अरे, घरातली फ्यूजची तार वितळते म्हणून जाड तार लावणाऱ्यातला तू,” तपासनीस म्हणायचा. “एका दुकानात टाकी फुटली, तेव्हा अशीच खोली बघायला मला नेलं होतं. भिंत होती तिथे रस्ता दिसत होता. भरणाऱ्याचे बूट जागेवर होते.”

“पोलादाची होती?”

“पोलादाची.”

“आतून गंजली असेल.”

“असेलच की. तुझ्या टाक्यांच्या आत बघायला रोज कोण जातं?”

वाढीव विषय बदलायचा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं आणि ते त्याला चांगलं वाटायचं. फक्त ते बोलून दाखवायची वेळ आली नव्हती.

साठी गाठता गाठता त्याची कंबर गेली. टाकी भरली असो की रिकामी, उचलायची तर कंबरेतूनच. एका सकाळी तो हौदावर वाकला तो वाकलेलाच राहिला. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला आणि वजन उचलणं बंद केलं. त्याच सुमारास त्याच्या लेकीचा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा कारखाना बंद पडला. ती तिथे यंत्रावर होती, हाताने चलाख, डोक्याने बापापेक्षा बरीच शांत. मालकीणबाईंनी तिला विचारलं, ती ‘हो’ म्हणाली. खोली घरातच राहिली.

वाढीवने तिला मनापासून शिकवलं. फिल्टर कधी बदलायचा, नळीतला दाब सोडल्याशिवाय तोंड का काढायचं नाही, टाकी सावकाश का भरायची, अॅल्युमिनियमची कुठली नि पोलादाची कुठली हे बुडावरून कसं ओळखायचं. चकती दाखवली. “ही तुझी राखणदार. काही चुकलं तर टाकीच्या आधी ही जाईल.” बूच त्याने उघडून दाखवलं ते एका नव्याकोऱ्या व्हॉल्वचं. शिक्का दाखवला आणि म्हणाला, “इथे थांबायचं. एक बार वर नाही.”

लेकीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून एकशे ऐंशीला थांबायला लागली.

गावात कुजबुज सुरू झाली. बापाचा हात सैल आणि लेकीचा आखडता, हे लोकांना बोलायला आयतं सापडलं. वाढीव दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचा, येणारे-जाणारे त्यालाच टोमणे मारायचे. घरीही सुटका नव्हती.

“अहो, पोरीला सांगा ना जरा हात सैल सोड म्हणून,” बायको म्हणाली. “पीठ दळायला गेले तर तिथेही तेच ऐकवतात.”

“नको.”

“तुम्ही देत होता.”

“माझी मुलगी आहे ती.”

“कोणाची आहे ते मला ठाऊक आहे, मी तिथे होते,” बायको म्हणाली. “मी दुसरंच विचारतेय.”

वाढीव पाणी प्यायला उठला. तहान लागलेली नव्हती.

लेकीने स्वतःच विचारलं तेव्हा मात्र उठून जायला जागा नव्हती. खोलीच्या उंबऱ्यात ती नळ्या पुसत बसली होती, तो खुर्चीवर.

“बाबा, एक खरं सांगा. शिक्क्याच्या वर पन्नास म्हणजे धोका आहे की नाही?”

“पोलादाला काही होत नाही.”

“मग मी देऊ?”

“नको.”

“म्हणजे धोका आहे.”

“तसं नाही.”

“मग काय, मला जमणार नाही?”

“तसंही नाही.”

“मग कसं आहे?” तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं. “तुमचं नाव तुमच्याकडेच राहावं असं आहे का? तसं असेल तर तसं सांगा, मला राग नाही.”

हे त्याला लागलं. सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं, पण त्यासाठी आधी दोन चकत्यांचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की ‘काही होत नाही’ची इतक्या वर्षांची इमारत बसली असती. फुटायच्या त्या फुटू नयेत म्हणून मीच बंदोबस्त केला होता, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. लेकीने त्याचा अर्थ तिला सुचला तसा लावला. तो गप्प बसला याची त्याला पुढे फार लाज वाटली. ती त्याने कधी लपवली नाही.

चार दिवसांनी डॉक्टर आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते, दवाखान्यात हाताखाली दोन डॉक्टर होते, पण बोगद्याचं वेड सुटलं नव्हतं. या खेपेला तो अशा फाट्यात जाणार होता जिथे अजून कोणी दोरी नेली नव्हती. त्याने वाढीवला वाकून नमस्कार केला, नेहमीप्रमाणे, आणि सरळ आत जाऊन लेकीसमोर आपली जुनी काळी टाकी ठेवली.

“ताई, मला वरचे पन्नास लागतील. चैन म्हणून मागत नाही. मागे त्यांच्यावरच जगलोय, तुझ्या बाबांना विचार.”

विचारायची गरज नव्हती. ही गोष्ट ती घरात ऐकतच मोठी झाली होती. तिने टाकीचं बूड बघितलं: पोलाद. तपासणीची तारीख बघितली: चालू. बुचावरून बोट फिरवलं: चकती आहे. बापाने शिकवलेलं एकूण एक तपासलं, आणि त्या सगळ्याच्या भरवशावर ठरवलं, देऊ. डॉक्टरला बाहेर काढून तिने दार लोटलं.

वाढीव खुर्चीवर होता. डॉक्टर त्याला नव्या फाट्याची हकिकत सांगत होता. वाढीव ‘हं, हं’ करत होता, पण त्याचे कान शेडकडे होते. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून काटा कुठे आहे ते त्याला न बघता कळायचं. एकशे ऐंशीला आवाज जाड होतो. झाला. आता बंद होईल. बंद झाला नाही. आवाज अजून जड झाला, कोणी मोठं ओझं घेऊन जिना चढावं तसा.

वाढीव उठला. कंबरेचं त्याला आठवलंच नाही. त्याने शेडमध्ये जाऊन बटण दाबलं, मग खोलीचं दार उघडून आत गेला. काटा दोनशे वीसवर होता. लेक हौदावर वाकली होती, तोंड टाकीपासून हातभर अंतरावर.

“बाबा, आत एकच जण!” ती ओरडली.

“ठाऊक आहे. तू बाहेर जा.”

“का? दोनशे वीसच तर आहे. तुम्ही तीसपर्यंत जायचात. आणि चकती आहे ना!”

“दोन आहेत.”

तिला कळलं नाही.

“एकीवर एक. मी लावल्यात,” वाढीव म्हणाला. “फुटायच्या म्हणून. याच टाकीला नाही, सगळ्या टाक्यांना. आता जा बाहेर.”

ती लगेच हलली नाही. तिने टाकीकडे बघितलं, मग काट्याकडे, मग बापाकडे. मग ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. वाढीवने टाकीचा व्हॉल्व बंद केला, नळीतली हवा सोडली, तोंड काढलं आणि टाकीतली हवा हळूहळू सोडायला सुरुवात केली. दोनशे वीस बार सोडायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ तो एकटा तिथे वाकून उभा होता आणि सुस्काऱ्यासारखा तो आवाज तिघंही ऐकत होती. काही फुटलं नाही. टाकी तशीच काळी, गार, निमूट उभी राहिली.

टाकी रिकामी झाली तशी त्याने पाना घेऊन बूच उघडलं आणि आतला तुकडा तळहातावर घेतला. दोन चकत्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की नखाने सुटेनात. दार उघडंच होतं. डॉक्टर आत आला, लेक आली. वाढीवने हात पुढे केला आणि जे होतं ते सांगितलं; काही वगळलं नाही.

डॉक्टरने त्या चकत्या उचलून उजेडात धरल्या.

“काका, तुम्ही तर म्हणायचात काही होत नाही.”

“झालं नाही.”

“झालं असतं तर?”

“तर दारावर काय लिहिलंय ते वाचा, डॉक्टर,” वाढीव म्हणाला. त्याचं ठेवणीतलं उत्तर हेच होतं, आणि इतकी वर्षं जपलेलं ते आज बाहेर काढताना त्याचा आवाज जरा ताठ झाला. “आत मी एकटा असायचो. तुम्ही सगळे बाहेर. गेलोच असतो तर मी गेलो असतो. तुम्हाला बोगद्यात अर्धा तास जास्त मिळावा, त्यापायी माझ्यापुरता मी विचार केला होता. दुसऱ्या कोणाचा जीव मी कधी टांगणीला लावला नाही.”

डॉक्टर पुढे सरकला. तो पाया पडायच्या बेतात होता असं दिसलं.

“या टाक्या सगळ्या उघडाव्या लागतील,” लेक म्हणाली. ती आधीच खाली बसली होती. भिंतीला लावलेल्या टाक्यांपैकी पहिली तिने ओढली, हवा सोडली, पाना लावला. बूच निघालं. दोन चकत्या. तिने त्या जमिनीवर ठेवल्या, नवी एकेरी बसवली, बूच आवळलं. तिचा हात कुठे अडला नाही. शिकवणाऱ्याने चांगलं शिकवलं होतं. दुसरी ओढली. पुन्हा दोन.

“किती वर्षं झाली लावताय?” तिने मान वर न करता विचारलं.

वाढीवने आठवलं. “डॉक्टर वाचले त्याच्या पुढच्या वर्षापासून. बावीस झाली असतील.”

लेकीचा पाना थांबला. ती मनात वजाबाकी करत होती.

“म्हणजे तुम्ही तुमच्यापुरता विचार केलात तेव्हा मी तिसरीत होते,” ती म्हणाली, आणि तिने पुढची टाकी ओढली.